घाटातला बंब

मुंबई-ठाण्याकडच्या माणसाला नाशिकला जायचे तर कसाऱ्याचा घाट चुकत नाही. निदान 5 जून 2025 पर्यंत चुकत नव्हता. त्या दिवशी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा खुला झाला आणि डोंगराच्या पोटातून जवळजवळ आठ किलोमीटरांचा बोगदा मोटारींना मिळाला. आता घाट न बघताच घाट ओलांडता येतो. सोय झाली यात शंका नाही. पण मी सांगणार आहे ती हकीकत 2023 च्या मे महिन्यातली, म्हणजे मोटारींनी आपापल्या दमाने डोंगर चढण्याच्या काळातली.

थळ घाट हे या घाटाचे जुने नाव. यंत्रांची परीक्षा घेणे हा त्याचा फार जुना व्यवसाय आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने 1 जानेवारी 1865 रोजी कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग सुरू केला, तेव्हा सदतीस फूट पुढे सरकले की एक फूट वर, असा तो चढ होता. आजही तो तसाच आहे. साधारण पंधरा किलोमीटरांत तीनशे मीटर चढायचे! एका इंजिनाच्या छातीला हे झेपत नाही, म्हणून कसाऱ्याला आगगाडीच्या मागे जादा इंजिने लावतात. लहानपणी मावशीकडे जाताना ही ढकलणारी इंजिने बघायला आम्ही भावंडे खिडकीतून माना बाहेर काढत असू आणि आई एकेकाच्या सदऱ्याला धरून आत ओढत असे. 1930 च्या सुमारास घाटात वीज आली. त्याआधीची वाफेची इंजिने हा चढ चढताना किती कोळसा खात आणि किती पाणी पीत असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

रस्त्याचीही तीच कथा. फियाट आणि ॲम्बॅसडरच्या जमान्यात घाटातल्या वळणावळणाला एखादी तरी मोटार बॉनेटचा आ वासून उभी असायची. यजमान डबा घेऊन पाण्याच्या शोधात गेलेले, कुटुंब सावलीत दशम्या सोडून बसलेले, आणि पोरे दरीत दगड टाकून आवाज ऐकताहेत. गेल्या पंचवीस वर्षांत हे दृश्य जवळजवळ नाहीसे झाले. नव्या मोटारी उकळत नाहीत, असे आपण सगळे धरून चालतो.

तर मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही चौघे डोंबिवलीहून निघालो. मी, आमची सौ., अकरावीत शास्त्र शाखेला असलेले चिरंजीव आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. प्रवास हौसेचा नव्हता. नाशिकची मावशी, आईची थोरली बहीण, शुक्रवारी न्हाणीघरात पाय घसरून पडली होती. खुब्याचे हाड मोडले होते. वय चौऱ्याऐंशी. शस्त्रक्रिया सोमवारी सकाळी ठरली होती. दोघी बहिणींची भेट तीन वर्षांत नव्हती. आधी करोना आडवा आला, मग आईचे गुडघे. "ऑपरेशन झाल्यावर निवांत जाऊ," असे मी म्हणून पाहिले. आई म्हणाली, "मला आधी तिच्या उशाशी बसायचंय. नंतरचं नंतर." या नंतरच्या नंतरात काय काय असू शकते ते आम्ही कुणीच तिला विचारले नाही.

मोटार नऊ वर्षांची असली तरी गुरुवारीच तपासून आणलेली होती. तपासणीच्या कागदावर सतरा रकाने होते आणि सतराही रकान्यांत 'ठीक' अशी खूण होती. वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासणारा माणूस म्हणून सांगतो, इतके पैकीच्या पैकी गुण मी आजवर कुणालाही दिलेले नाहीत.

शहापूर गेले, खर्डी गेली. उन्हाने डांबर चकाकत होते. कसारा जवळ आला तशी मागून आई म्हणाली, "कुठंतरी काकवी करपतेय." आम्हाला काही वास येईना. दोन मिनिटांनी सर्वांनाच आला. गोडसर, घशाशी बसणारा. मी समोर पाहिले तर एरवी मध्यावर झोपा काढणारा उष्णतेचा काटा उठून तांबड्या रेघेकडे निघाला होता. घाट सुरू होण्याच्या थोडे अलीकडे एका आंब्याच्या झाडाखाली मोटार घेतली आणि इंजिन बंद केले. बॉनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली. खाली डांबरावर हिरव्या पाण्याची रेघ उमटली होती आणि ती आम्ही आलो त्या दिशेने लांबवर गेली होती.

त्या हिरव्या पाण्याला शुद्ध मराठीत शीतक म्हणावे लागेल. पण तसे म्हणणारा मेकॅनिक मला अद्याप भेटलेला नाही. सगळे 'कूलंट'च म्हणतात. त्यात पाण्याबरोबर ग्लायकॉल नावाचे द्रव्य असते, गोड वास त्याचाच. चवही गोड असते म्हणतात, आणि ते विषारी असते, म्हणून सांडलेल्या ठिकाणी कुत्र्यामांजरांना फिरकू देऊ नये.

चिरंजीवांना बोलायला विषयच मिळाला. आजीला त्यांनी समजावून सांगितले ते असे: मोटारीत जेवढे पेट्रोल जळते त्याच्या उष्णतेतला साधारण एक-तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. एक-तृतीयांश धुरावाटे जातो आणि उरलेला एक-तृतीयांश पाण्यावाटे बाहेर काढावा लागतो, नाहीतर इंजिनाचे लोखंड वितळायच्या वाटेला लागेल. म्हणून जिथे जाळ होतो त्या नळकांड्यांभोवती पाणी खेळवलेले असते. ते तापले की पंप त्याला पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये ढकलतो. तिथे वारा लागून ते निवते आणि परत आत येते.

आई ऐकत होती. म्हणाली, "मधे जाळ, भोवती पाणी. म्हणजे बंबच की!"

चिरंजीवांनी बंब फक्त चित्रात पाहिलेला. पण उपमा बिनचूक होती. न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा: मधल्या नळकांड्यात कोळसे आणि चिपाडे, भोवती पाणी, बाजूला तोटी. फरक एवढाच की बंबातले कढत पाणी आपल्याला हवे असते आणि मोटारीतले नको असते.

अशा वेळी माणसाचा हात आपोआप झाकणाकडे जातो. तो जाऊ देता कामा नये. ही पाण्याची व्यवस्था झाकण लावून बंद केलेली असते आणि आत दाब साठतो. दाबाखाली पाणी शंभर अंशांना उकळत नाही, एकशेवीसच्या आसपासपर्यंत दम धरते. त्या जोरावरच नव्या मोटारी घाट चढतात. पण गरम असताना झाकण फिरवले की दाब एकदम उतरतो, इतका वेळ दम धरलेले सगळे पाणी क्षणात उकळते आणि उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. तेव्हा थांबायचे. अर्धा तास, पाऊण तास, झाकण हाताला सोसेपर्यंत.

थांबायला आम्हाला हरकत नव्हती. हरकत घड्याळाला होती. साडेबारा झाले होते. रुग्णालयात भेटण्याची वेळ संध्याकाळी सातपर्यंत, आणि नाशिक अजून पाऊणशे किलोमीटर. आई काही बोलत नव्हती. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

कसारा स्टेशनावरून नाशिकला वाटेकऱ्यांच्या जीपगाड्या चालतात. लोकलने कसाऱ्यापर्यंत यायचे आणि पुढे जीपने, असा हजारो लोकांचा रिवाज आहे. त्यातली एक आमच्यापाशी थांबली. चालक खाली उतरला, वाकून पाहिले आणि म्हणाला, "रेडिएटर गेलं, सर. आजींना नाशिकला जायचंय का? दोन शिटा आहेत माझ्याकडं."

आईने माझ्याकडे पाहिले. मुलाला आणि नातवाला उन्हात टाकून जायचे तिच्या जिवावर आले होते आणि न जाणेही जिवावर आले होते. शेवटी सौ.ने तिचा हात धरला आणि दोघी जीपमध्ये चढल्या. चालकाने जाता जाता उपाय सांगितला. "हळद असली तर टाका पाण्यात. बारीक भोक असलं तर धरतं." हा उपाय त्याच्या पदरचा नव्हे, हळद पाण्याबरोबर फिरत जाते आणि गळतीच्या जागी साचून फट बुजवते, हे ट्रकवाल्यांचे जुने शास्त्र आहे. आणि योगायोग पाहा, आईच्या पिशवीत मावशीच्या सुजेवर लेपासाठी घरी कुटलेली हळद होती. तिने पुडी सोडली, अर्धी कागदावर काढून माझ्या हातात दिली. "अर्धी ताईला, अर्धी तुझ्या बंबाला." जीप घाटाच्या वळणाआड गेली.

आता प्रश्न पाण्याचा. आमच्याजवळच्या दोन बाटल्या पिण्यापुरत्या. चिरंजीवांना मोटारीपाशी ठेवून रिकामा डबा घेऊन मी रस्त्यालगतच्या वाडीकडे निघालो. अर्धा किलोमीटर गेल्यावर एका उघड्या विहिरीभोवती चाळीस-पन्नास हंडे ओळीने मांडलेले दिसले. बायका सावली मिळेल तिथे बसल्या होत्या. टँकर विहिरीत रिकामा होणार, मग ज्याच्या त्याच्या नंबराने पाणी शेंदायचे. टँकर सकाळीच यायचा होता, तो अद्याप आला नव्हता.

मी हातातला डबा पाठीमागे घेतला. हा शहापूर तालुका. मुंबईचे तानसा धरण 1892 पासून याच तालुक्यात आहे. भातसाही इथलेच. मध्य वैतरणेचे धरण 2014 मध्ये झाले, तेही याच डोंगरांत. वर इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. मुंबईकर नळ सोडतो तेव्हा त्याच्या बादलीत पडते ते इथले पाणी, आणि इथे मे महिन्यात टँकरची वाट पाहतात! वर्तमानपत्रात हे दर उन्हाळ्यात छापून येते आणि आपण पान उलटतो. हातात रिकामा डबा घेऊन तिथे उभे राहिले की पान उलटता येत नाही.

मी परत वळणार तोच एका बाईने विचारले, "मोटार बंद पडली का, दादा?" मी हो म्हणालो. तिने स्वतःच्या कळशीकडे पाहिले, मग माझ्या डब्याकडे. "किती लागंल?" मी म्हणालो, "नको, तुम्हालाच नाही." ती उठली, डबा माझ्या हातातून घेतला आणि निम्मी कळशी त्यात ओतली. बाकीच्या बायकांपैकी एक पुटपुटली, ते मला ऐकू आले आणि ते रास्तही होते. मी पैसे पुढे केले तर म्हणाली, "पाण्याचं कुटं पैसं घेत्यात?" त्या क्षणी रस्त्यावरून टँकर आला आणि सगळा घोळका उठला. तिचे आभार मानायचेही राहून गेले असते. तिला त्याची गरज नव्हती, तिचा नंबर जवळ होता.

मोटारीपाशी आलो तो चिरंजीवांनी फोन करून कसाऱ्याहून एक मेकॅनिक बोलावला होता. तिशीचा पोरगा, मोटारसायकलवर हत्यारांची पिशवी. त्याने विजेरी मारून पाचच मिनिटांत गळती शोधली. आमच्या मोटारीचा रेडिएटर मध्ये ॲल्युमिनियमच्या जाळीचा आणि दोन्ही कडांना प्लास्टिकच्या टाक्या. डाव्या टाकीला सांध्यालगत केसाएवढी चीर गेली होती. मी हळदीची पुडी पुढे केली. तो हसला. "ही तांब्यापितळेच्या रेडिएटरची औषधं, सर. जाळीतल्या बारीक भोकाला चालतं. ही चीर दाब आला की उघडते, हळद धरायची नाही. वर हीटरच्या नळ्या चोंदतील त्या वेगळ्या." मग त्याने टाकी पुसून कोरडी केली, चीर कानशीने खरवडली, एम-सीलचे दोन गोळे मळून एकजीव केले आणि त्यावर थापले. एखाद्या गृहिणीने फुटल्या चुलीला लिंपण द्यावे तसे. "दीड तास हात लावू नका. सुकलं की पाणी भरा. झाकण पुरतं आवळू नका, दाब नको. तीसच्या वर पळवू नका. थंड हवा बंद, आणि हीटर पूर्ण चालू."

"मे महिन्यात हीटर?" चिरंजीव ओरडले.

पण म्हणणे बरोबर होते. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच; तो इंजिनाची उष्णता उपसून बैठकीत आणून टाकतो. इंजिन वाचवायचे तर आपण उकडायचे.

त्या दीड तासात सौ.चा फोन आला. सहा वाजायच्या आत पोचू, आई गप्प आहे, जीपवाल्याने तिला पुढे खिडकीपाशी बसवले आहे.

पाच वाजता आम्ही घाटाला लागलो. काचा खाली, हीटर पूर्ण, पायांवर भट्टीचा वारा. डाव्या कडेने वीस-पंचवीसच्या वेगाने आम्ही सरकत होतो आणि मालट्रकसुद्धा आम्हाला मागे टाकून जात होते. चिरंजीवांचे डोळे काट्यावर. तो मध्याच्या वर एक रेघ चढला की ते "थांबा" म्हणत. एरवी मुलगा बापाला थांबा म्हणतो ते मला आवडत नाही, पण त्या दिवशी तीनदा थांबलो. उंचीवर गेले की पाणी थोडे आधी उकळते, दर तीनशे मीटरला सुमारे एक अंश. झाकण सैल असल्यामुळे तो एक अंशही आमच्या हिशेबात होता. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा दरीपलीकडून रेल्वे चढताना दिसली, मागची इंजिने ढकलत होती. त्यांच्याकडे मी इतक्या आपुलकीने पूर्वी कधी पाहिले नव्हते.

घाटनदेवीपाशी चढ संपला. प्रवासी इथे हात जोडतात, नारळ वाढवतात. आम्ही उरलेले पाणी भरले. चिकटवलेल्या जागेवर एक थेंब जमला होता, तो पडत नव्हता. पुढे घोटी, वाडीवऱ्हे, विल्होळी. पठार लागले, सूर्य मावळला, हवा गार झाली आणि काटा मध्यावर येऊन बसला.

पाथर्डी फाट्यापाशी पांडवलेण्यांचा डोंगर अंधारात दिसला. विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथे चार-पाच वेळा गेलो आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचा प्राकृत लेख आहे. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी गेल्यानंतर नातवाच्या राज्यात, त्याच्या एकोणिसाव्या वर्षी, आजीने कोरवून घेतलेला. त्यात मुलाचे गुण ती सांगत सुटते. वर्गात मी या लेखाच्या भाषेविषयी बोलतो. त्या रात्री भाषा डोक्यात आली नाही.

रुग्णालयात पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. सातची वेळ उलटून गेली होती, पण परिचारिकेने आईला उठवले नव्हते. दोघी बहिणी एकीचा हात दुसरीच्या हातात घेऊन गप्प होत्या. मावशीने डोळे उघडले, मला पाहिले आणि विचारले, "बंब निवला का रे तुझा?"

सोमवारची शस्त्रक्रिया नीट पार पडली. मंगळवारी मोटार घेऊन द्वारकेकडच्या एका रेडिएटरवाल्याकडे गेलो. सत्तरीचे गृहस्थ, पांढरी दाढी, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी रेडिएटर उतरवला, तोंडे बुचांनी बंद केली, आत हवा भरली आणि पाण्याच्या हौदात बुडवला. चिरेतून बुडबुड्यांची माळ निघाली. "दुरुस्ती होणार नाही," ते म्हणाले. "प्लास्टिकला डाख बसत नाही. ॲल्युमिनियमलाही साध्या कथलाचा बसत नाही, हवा लागली की वर पापुद्रा धरतं. नवाच घ्या." साडेचार हजारांचा नवा रेडिएटर बसायला दोन तास होते. चाचा बोलायला लागले.

त्यांचे हात पन्नास वर्षे डाखावर गेलेले. रेडिएटरची जाळी ही मूळची तांब्यापितळेची कला. 1901 च्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाखने आठ हजारांवर बारीक नळ्या एकत्र जोडून मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, तेव्हापासून ती मोटारीच्या नाकाडावर आहे. चाचांना मायबाख ठाऊक नव्हता; पण गळकी नळी कोणती ते बोटाने ओळखून, नवसागर लावून, कथील-शिशाचा थेंब नेमका तिथेच सोडायचे कसब त्यांच्या हातात होते. आता तसे रेडिएटर जुने ट्रॅक्टर आणि काही ट्रक यांचेच येतात. "मुलगा फक्त बदलतो," ते म्हणाले. "जोडायला त्याला येत नाही, आणि यायची गरजही नाही." तक्रारीचा सूर नव्हता. मुलगा शेजारीच नवा रेडिएटर खोक्यातून काढत होता.

आई माझ्याबरोबर आली होती. मावशीचे घर जुन्या नाशकात, तांबट लेनपासून हाकेच्या अंतरावर. नाशिकची तांब्यापितळेची भांडी एके काळी दूरदूर जात आणि त्या गल्लीतून दिवसभर ठोक्यांचा आवाज येई, तो ऐकत या दोघी वाढलेल्या. तिने चाचांना विचारले, "बंबाला डाख देता का?"

चाचांनी चष्मा वर केला. "आहे कुठं?"

मावशीच्या माळ्यावर होता. ती पडली तो दिवस सोडला तर रोज ती गॅसच्या पाण्याला नावे ठेवत असे, पण बंब चार वर्षांपूर्वी गळायला लागला आणि नीट करून देणारा कुणी मिळाला नव्हता. चिरंजीव रिक्षाने गेले आणि मांडीवर घेऊन आले. हिरवी पुटे चढलेला, एका बाजूला पोचा आलेला. चाचांनी तो उलटापालटा केला, बोटाने वाजवला, तोटीत आणि झाकणाच्या तोंडात चिंध्या कोंबल्या आणि रेडिएटरच्याच हौदात बुडवून हवा सोडली. मधल्या नळकांड्याच्या बुडाशी तीन बुडबुडे आले. त्यांनी तिथे खडूने तीन ठिपके काढले.

"संध्याकाळी न्या," ते म्हणाले. "दीडशे रुपये. आणि पोचा काढायचा असेल तर उद्या."

"पोचा राहू दे," आई म्हणाली. "तो माझ्या हातून पडून आलाय. ताई अजून सांगते सगळ्यांना."